मणक्याची गादी बदलायची का? तारीख घेण्याआधी कोणत्या क्रमाने ठरवायचं

एमआरआयच्या रिपोर्टचा फोटो पाठवून "ऑपरेशन करू का गं?" असं विचारणारं महिन्यातून एक-दोघं तरी असतंच, कोण नात्यातलं, कोण शेजारचं, कोण ऑफिसातल्या कुणाच्या ओळखीचं. आणि चूक बहुतेक वेळा एकच असते, जो प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा तो सगळ्यात आधी विचारला जातो. मी डॉक्टर नाही. गोव्यात डिचोलीला राहते, २ वर्षं कंबर धरून काढलीत, गादी, म्हणजे दोन मणक्यांमधली डिस्क, बदलायच्या ऑपरेशनची तारीख घेतली होती आणि शेवटच्या आठवड्यात रद्द केली. माझ्यासाठी ते बरोबर ठरलं, तुमच्यासाठी उलटंही असू शकतं, म्हणून करा किंवा करू नका यातलं काहीच मी सांगणार नाही. ठरवायचं कसं आणि कोणत्या क्रमाने, तेवढंच सांगते. क्रम मोडू नका, कारण पहिल्या तीन-चार पायऱ्यांतच बऱ्याच जणांना कळतं की हे ऑपरेशन आपल्यासाठी नाहीच.

पायरी १: दुखणं कंबरेत जास्त की पायात, ते लिहून काढा

सगळा निर्णय यावर उभा आहे आणि नेमकं हेच कुणी नीट सांगत नाही. गादी बाहेर येऊन शीर, म्हणजे नर्व्ह, दाबली गेली की दुखणं पायात उतरतं, कुल्ल्यातून मांडी, पोटरी, पाऊल, सोबत मुंग्या आणि बधिरपणा. कृत्रिम गादी बसवायचं ऑपरेशन मुख्यतः त्यासाठी नसतं, ते असतं गादी स्वतःच झिजून जी कंबर दुखते तिच्यासाठी. दोन्हीला आपण "कंबर गेली" म्हणतो आणि तिथेच घोळ होतो.

सत्तरीतली माझी मावशी काजूच्या दिवसांत पहाटेपासून बिया वेचते, तासन्तास वाकून. एका वर्षी म्हणाली कंबर पार गेली, आता ऑपरेशनच. तिला म्हटलं एका बोटाने दाखव कुठून कुठे दुखतं. तिने बोट ठेवलं उजव्या कुल्ल्यावर, मग मांडीच्या बाहेरून खाली, नडगीच्या कडेने थेट अंगठ्यापर्यंत आणलं. कंबरेला बोट लागलंच नाही! तिची शीर दबली होती, आणि अडीच महिन्यांत गोळ्या, चालणं आणि व्यायाम यांवर ती पुन्हा बागेत जायला लागली. अशी पायातली कळ बऱ्याच जणांची ६ ते १२ आठवड्यांत आपोआप उतरते, आणि नाहीच उतरली तर गादीचा बाहेर आलेला तुकडा काढायचं छोटं ऑपरेशन असतं, अख्खी गादी बदलायची गरज सहसा नसते.

साधी वही घ्या आणि १४ दिवस रोज संध्याकाळी लिहा. १०० पैकी कंबर किती, पाय किती. बसल्यावर वाढतं का, पुढे वाकल्यावर का, मागे वाकल्यावर का, चालल्यावर का. रात्री झोपेतून उठवतं का. कोणती गोळी किती वाजता घेतली. "सारखं दुखतं" असं लिहू नका, त्यातून डॉक्टरला काहीच हाती लागत नाही. "बँकेच्या रांगेत १० मिनिटं उभी राहिले आणि टेकायला भिंत शोधावी लागली" असं लिहा.

तपासून बघा: १४ दिवसांत पायाचा आकडा कंबरेपेक्षा कायम मोठा येतोय का? मग तुमचा प्रश्न शिरेचा असण्याची शक्यता जास्त, आणि गादी बदलण्याची चर्चा तिथेच थांबवून डॉक्टरला आधी शिरेबद्दल विचारा.

पायरी २: थांबायचं नाही अशी लक्षणं आधी बाजूला काढा

लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, बसायच्या जागेला आणि जांघेत बधिरपणा, दोन्ही पायांतली ताकद झपाट्याने कमी होणं, यातलं काहीही झालं तर वही नाही, सेकंड ओपिनियन नाही, १०८ ला फोन करून सरळ बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. त्याच दिवशी. रात्र असली तरी. कण्याच्या शेवटच्या शिरांचा झुपकाच दाबला गेलेला असू शकतो आणि त्यात तास मोजावे लागतात.

याशिवाय संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, पूर्वी झालेला कॅन्सर, पडझड, किंवा कितीही कूस बदलली तरी रात्री न थांबणारं दुखणं असेल तर लवकरात लवकर डॉक्टरकडे जा. मणक्याचा टीबी आपल्याकडे अजून दिसतो आणि तो महिनोन्महिने "गॅप" म्हणून चोळला जातो.

सावधान: कारण कळायच्या आधी हाडवैद्याकडे कंबर मोडून घेऊ नका. शीर दबलेली असताना जोरात पिळलं तर ती आणखी दुखावू शकते.

पायरी ३: रिपोर्ट वाचा, पण घाबरायला नको

पहिलं, तो "मणक्यात गॅप आलाय" हा शब्द सोडा. रिपोर्टमध्ये असं काही लिहिलेलं नसतं आणि खरी गोष्ट उलटी असते, गादीतलं पाणी कमी होऊन ती चपटी होते, म्हणजे दोन मणक्यांतलं अंतर कमी होतं, वाढत नाही.

दुसरं, एमआरआयवर झिजलेली गादी दिसली म्हणजे दुखणं तिच्यातूनच येतंय हे सिद्ध होत नाही. २०१५ मध्ये एक मोठा आढावा निघाला, त्यात अजिबात कंबर न दुखणाऱ्या ३,११० लोकांचे स्कॅन एकत्र बघितले होते. वयाच्या विशीत ३७ टक्के जणांची गादी झिजलेली, पन्नाशीत ८० टक्के. बल्ज, म्हणजे गादी कडेने बाहेर फुगणं, विशीत ३० टक्के, पन्नाशीत ६० टक्के. हे सगळे न दुखणारे लोक! म्हणजे चाळिशीतल्या माणसाच्या रिपोर्टात "डिफ्यूज बल्ज" दिसणं हे केस पांढरे होण्यासारखं असू शकतं.

मग बघायचं काय? किती पातळ्यांवर, म्हणजे किती गाद्यांत, झीज आहे ते मोजा, ती गादी कोणत्या दोन मणक्यांमधली ते एल४-एल५, एल५-एस१ असं लिहिलेलं असतं. मग हे चार शब्द रिपोर्टात आहेत का शोधा: फॅसेट आर्थ्रोपथी, लिस्थेसिस, कॅनाल स्टेनोसिस, स्कोलिओसिस. सापडले तर पेन्सिलीने खूण करा, पायरी ६ मध्ये लागणार आहेत.

तपासून बघा: वहीतलं दुखणं आणि रिपोर्टातली पातळी जुळतात असं डॉक्टरने तुम्हाला प्रत्यक्ष तपासून सांगितलंय का, की नुसती फिल्म बघून? मला तारीख देणाऱ्या खासगी हॉस्पिटलात फिल्म खिडकीच्या उजेडात धरून बघितली गेली, मला खुर्चीवरून उठायलासुद्धा सांगितलं नाही, आणि पुढच्या आठवड्यातलं ऑपरेशन ठरलं. मी पण काही विचारलं नाही, दुखण्याने इतकी थकले होते की कुणीतरी काहीतरी करतंय हेच पुष्कळ वाटलं.

पायरी ४: ६ महिन्यांचे उपचार खरंच झालेत का

गादी बदलायचा विचार निदान ६ महिने बिनऑपरेशनचे उपचार करूनही फरक पडला नाही तरच करायचा, अमेरिकेत ही कृत्रिम गादी मंजूर करताना अटच तशी घातलेली आहे. आपल्याकडे मी विचारते "फिजिओ केलीस?" तर उत्तर येतं "हो, १० दिवस शेक घेतला." शेक, मशीनचे करंट आणि पट्टा म्हणजे उपचार झाले असं नव्हे. दुखणं तेवढ्यापुरतं शांत होतं, पाठ काही मजबूत होत नाही.

खरे उपचार म्हणजे फिजिओथेरपिस्टने तपासून दिलेले, दर दोन आठवड्यांनी वाढवत नेलेले व्यायाम, रोजचं चालणं, आणि घाबरून सोडलेली कामं एकेक करून परत सुरू करणं. तीव्र दुखण्यात एक-दोन दिवस पडून राहिलात तर ठीक, त्यापुढे अंथरूण धरलं की स्नायू ढिले पडतात आणि दुखणं वाढतं. पट्टा प्रवासापुरता. झोप लागत नसेल, मन खचलं असेल तर तेही डॉक्टरला सांगा, त्याने दुखणं खोटं ठरत नाही, पण त्यावर इलाज न करता ऑपरेशन केलं तर गुण कमी येतो. दुखण्याच्या गोळ्या महिनोन्महिने स्वतःच्या मनाने घेऊ नका, पोट आणि किडनी दोन्हीला मार बसतो.

कंबरेत स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात त्याबद्दल एवढंच, पायातल्या कळेला ते काही आठवडे उतार देऊ शकतं, नुसत्या कंबरदुखीला त्याचा भरवसा कमी.

नेहमीची चूक: तीन आठवड्यांत बरं वाटलं की व्यायाम बंद, मग दुखलं की "फिजिओने काही होत नाही." वहीत व्यायामाच्या दिवसांवर टिक करा. सहा महिन्यांत १०० टिका नसतील तर उपचार फसले असं म्हणू नका, ते झालेच नाहीत.

पायरी ५: तुम्हाला नक्की कुठलं ऑपरेशन सांगितलंय

विचारलं की लोक सांगतात "गादीचं ऑपरेशन." ते तीन प्रकारचं असतं आणि तिन्ही वेगळी आहेत. एक, मायक्रोडिसेक्टॉमी, पाठीतून जाऊन शिरेवर दाबणारा तुकडा काढायचा. दोन, फ्युजन, गादी काढून दोन मणके स्क्रू आणि हाडाने एकमेकांना कायमचे जोडायचे, तिथली हालचाल बंद. तीन, डिस्क रिप्लेसमेंट, गादी काढून तिच्या जागी धातूच्या दोन चकत्या आणि बहुतेक प्रकारांत मध्ये प्लॅस्टिकचा गाभा, हालचाल चालू ठेवण्यासाठी. डॉक्टरकडून नाव आणि पातळी कागदावर लिहून घ्या.

शेजारच्याची मान बदलून तो महिन्यात स्कूटर चालवायला लागला, हे ऐकून कंबरेचा निर्णय घेऊ नका. मानेची कृत्रिम गादी साधारण हातात उतरणाऱ्या शिरेच्या दुखण्यासाठी बसवतात, तिथे वजन कमी, जाण्याचा रस्ता वेगळा, निकालही वेगळे.

पायरी ६: चाळणी

इथे घाई करू नका, मी स्वतः याच पायरीवर अडकले. खालच्यातलं एक जरी लागू असेल तर कंबरेची कृत्रिम गादी बहुतेक वेळा बसत नाही.

हाडं ठिसूळ असणं. धातूची चकती मणक्यावर टेकते, हाड पोकळ असेल तर ती आत रुतते. पाळी गेलेल्या बायका आणि दमा-संधिवातासाठी वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेणारे यांनी डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, केल्याशिवाय पुढे जाऊच नये.

मागचे फॅसेट सांधे झिजलेले असणं. कृत्रिम गादी पुढचा भाग बदलते, मागचे दोन छोटे सांधे तसेच राहतात, आणि दुखणं तिथून येत असेल तर गादी बदलूनही ते तिथेच. दुसऱ्या डॉक्टरने मला उभं केलं, पुढे वाकायला सांगितलं, मी बऱ्यापैकी वाकले, मग म्हणाले आता मागे, आणि मागे झुकताच मी टेबलाची कड पकडली. माझ्या वहीत ते लिहिलेलं होतं, "तुळशीला पाणी घालताना ठीक, वरच्या फळीवरचा डबा काढताना जीव जातो," पण त्याचा अर्थ मला कळला नव्हता. नुसत्या वाकण्यावरून ठरत नाही म्हणून त्यांनी सीटी केला, त्यात दोन्ही बाजूंचे सांधे खराब दिसले. तारीख मी दुसऱ्या दिवशी रद्द केली.

मणका पुढे सरकलेला असणं म्हणजे लिस्थेसिस, अगदी थोडा सरकला असेल तर डॉक्टर ठरवतात, जास्त असेल तर नाही. हे बघायला पुढे-मागे वाकून काढलेला एक्स-रे लागतो, झोपून काढलेल्या एमआरआयमध्ये ते लपू शकतं. शिवाय कॅनाल अरुंद असणं, कण्याला बाक असणं, कुठलाही चालू संसर्ग, आणि धातूची ॲलर्जी. खोट्या दागिन्याने मान खाजते त्या बायकांनी हे आवर्जून सांगावं. पातळीचंही बघा, एका पातळीची झीज असेल तरच हे सहसा सुचवतात, तीन-चार गाद्या झिजल्या असतील तर एक बदलून काय होणार, हा प्रश्न सरळ विचारा.

पोटाची आधीची ऑपरेशनं, सिझेरियन धरून, सगळी सांगा. कारण हे ऑपरेशन पाठीतून नसतं, पोटाकडून असतं. हे ऐकून लोक दचकतात!

पायरी ७: सर्जनसमोर वही उघडा

पोटाकडून जाताना पायांना रक्त नेणाऱ्या-आणणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या बाजूला सरकवाव्या लागतात. म्हणून पहिला प्रश्न: व्हॅस्क्युलर सर्जन ऑपरेशनला हजर असणार का? दुसरा: कंबरेच्या अशा गाद्या तुम्ही स्वतः किती बसवल्या आणि गेल्या वर्षी किती? अनुभवी सर्जन या प्रश्नाने रागावत नाही. तिसरा: बिघडलं तर परत कसं करणार? पोटातून दुसऱ्यांदा जाताना रक्तवाहिन्या जुन्या जखमेच्या वणाला चिकटलेल्या असतात आणि धोका बराच वाढतो. चौथा: पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून काय करणार?

पुरुषांनी लाज बाजूला ठेवून अजून एक विचारा. त्या भागातल्या बारीक नसा दुखावल्या तर वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाऊ शकतं, संबंधांना अडचण येत नाही पण मूल होण्याला येते. मूल हवं असेल तर आधी वीर्य साठवून ठेवण्याबद्दल विचारा. बायकांनीही पुढे मूल हवं असेल तर ते आत्ताच बोला.

फायदा किती, याला आकडा हवा. नॉर्वेत कंबरदुखीच्या १७३ जणांवर अभ्यास झाला, २०११ मध्ये छापून आला, अर्ध्यांना कृत्रिम गादी, अर्ध्यांना व्यायाम आणि समुपदेशन असा कार्यक्रम. दोन वर्षांनी ऑपरेशनवाले १०० गुणांच्या ओस्वेस्ट्री मापावर (कंबरदुखीने रोजची कामं किती अडतात ते मोजणारं माप, आकडा जितका कमी तितकं बरं) ८.४ गुणांनी पुढे होते, पण जाणवेल असा फरक म्हणून अभ्यासकांनी आधीच १० गुण धरले होते. त्यातल्या एका पेशंटला दुसऱ्यांदा केलेल्या ऑपरेशनमध्ये रक्तवाहिनीला इजा होऊन पायाचा खालचा भाग गमवावा लागला. आणि तो व्यायामाचा कार्यक्रम म्हणजे ३ ते ५ आठवड्यांत सुमारे ६० तास होता, आपला १० दिवसांचा शेक नव्हे. म्हणजे ऑपरेशन निरुपयोगी असं नाही, काहींना खूप चांगला गुण येतो, पण ते मनापासून केलेल्या व्यायामाच्या फार पुढे जात नाही, तेव्हा आधी तो करून बघा.

ओस्वेस्ट्रीचा फॉर्म फिजिओकडे मिळतो, १० प्रश्न असतात. भरून ठेवा. आकडा ४० च्या आत असेल तर एवढ्या मोठ्या ऑपरेशनसाठी मी तरी घाई करणार नाही.

तपासून बघा: "१०० टक्के बरं होणार" असं कुणी म्हणालं तर दुसरीकडे जा.

पायरी ८: दुसरं मत कसं घ्यायचं

त्याच हॉस्पिटलातल्या दुसऱ्या डॉक्टरचं मत हे दुसरं मत नव्हे. बांबोळीच्या ओपीडीत दाखवा, नाहीतर बेळगाव, मुंबई-पुण्याच्या मणक्याच्या सर्जनकडे जा. फिल्म, सीडी, वही, गोळ्यांची यादी न्या, आणि आधीच्या डॉक्टरने काय सांगितलं ते शेवटी सांगा, आधी त्यांना स्वतः तपासू द्या. दोन मतं वेगळी आली तर तिसरं घ्या, आणि ते शक्यतो ऑपरेशन न करणाऱ्या तज्ज्ञाचं असू दे.

पायरी ९: पैसे आणि अंतर

एस्टिमेट लेखी घ्या आणि त्यात इम्प्लांटची किंमत कंपनीच्या नावासकट वेगळी लिहून मागा. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर वर्षाला ३ जणांपर्यंतच्या कुटुंबाला २.५ लाख आणि ४ किंवा जास्त जणांच्या कुटुंबाला ४ लाखांचं कव्हर असतं, पण नेमकं हेच ऑपरेशन आणि हेच इम्प्लांट पॅकेजमध्ये बसतं का ते हॉस्पिटलच्या काउंटरवर तारखेआधी लिहून घ्या. खासगी मेडिक्लेममध्ये गादीच्या आजाराला बऱ्याचदा २ वर्षांचा वेटिंग पिरियड असतो, तो बघा.

ऑपरेशन मुंबईला आणि घर वाळपईला, तर आठव्या दिवशी पोटरी सुजली किंवा ताप आला की कुठे जायचं? हे सर्जनला विचारून नाव आणि फोन लिहून घ्या. आणि परत येताना घाट गाडीतून कसा काढणार, आडवं होता येईल अशी गाडी आहे का, तेही आधीच.

पायरी १०: हो म्हणालात तर घर आधी तयार करा

विडी, सिगरेट, तंबाखू कधी बंद करायची ते सर्जन सांगतील, त्या तारखेच्या आधीच बंद करा. साखर ताब्यात आणा. खाली बसायचं शौचालय असेल तर वर कमोड खुर्ची बसवा. विहिरीचं पाणी कोण ओढणार, नारळ कोण खोवणार, गॅसचा सिलिंडर कोण बदलणार, नावं लिहा, "बघू" नको. पावसाळ्यात तारीख असेल तर अंगणातलं शेवाळ आधी खरवडून घ्या, घसरून पडणं आता परवडणार नाही. आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, तोंडावर तारीख घेऊ नका, घर माणसांनी भरतं, गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायला सगळे वर चढतात आणि तुम्ही उठून हातभार लावणारच, मला माहीत आहे.

बहुतेक जणांना दुसऱ्या दिवशी चालवतात. पण पहिले काही आठवडे वजन उचलणं आणि पाठ मागे वाकवणं बंद, स्कूटर सर्जन सांगेपर्यंत नाही. खड्ड्याचा एक धक्का पुरतो.

वही चालू ठेवा, ६ आठवडे, ३ महिने, ६ महिने, १ वर्ष, त्याच ओस्वेस्ट्री फॉर्मवर. नाही म्हणालात तरीसुद्धा तेच वेळापत्रक, फक्त ऑपरेशनच्या जागी व्यायाम. माझा आकडा १४ महिन्यांत ४६ वरून २२ वर आलाय, आणि वरच्या फळीवरचा डबा मी स्टूल घेऊन काढते.

डिस्चार्जच्या वेळी इम्प्लांटचं कार्ड मागून घ्या, त्यावर कंपनी, मॉडेल आणि नंबर असतो. पुढे कधी एमआरआय करायचा झाला तर तिथे ते विचारतात, म्हणून एक फोटो मोबाईलमध्ये आणि मूळ कार्ड आधार कार्डाच्या पाकिटात.